रॅम एवढी महागलीये, मग नवीन गेमिंग पीसी एएमडीच्या जुन्या सॉकेटवर (प्रोसेसर बसायची जागा), म्हणजे एएम४ वरच बरा ना?

जुनं_ते_सोनं
स्पष्टच बोलतो, पटलं तर घ्या. सत्तर-ऐंशी हजारात १०८०पी गेमिंगचा पीसी घरी जोडायचा असेल तर रायझन ५ ५६०० प्रोसेसर, एएम४ चा बी५५० बोर्ड आणि डीडीआर४ (जुन्या पिढीची रॅम), विषय संपला. जो तो एएम५ घे एएम५ घे (नवा सॉकेट, त्याला डीडीआर५ रॅमच लागते) करत सुटलाय, पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले (एआयच्या डेटा सेंटरांना माल विकण्यात कंपन्यांना मलई दिसली, दुसरं काय) त्यानंतर तो हिशोबच बदलला. डीडीआर४ पण महाग झालीच, पण निदान जुन्या पीसीतली ३२०० स्पीडच्या स्टिकची जोडी काढून वापरता येते, एएम५ च्या बोर्डात ती बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. वाचलेले पैसे ग्राफिक कार्डात घाला, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात) तिथून येतात.

एफपीएस_वाली
अहो दादा, २०१७ मध्ये पहिले रायझन ज्या सॉकेटवर आले तो आत्ता नवीन म्हणून घ्यायचा? पुढे काय टाकणार त्यात? एएम५ आला २०२२ ला आणि २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देऊ असं एएमडी स्वतः म्हणालीये. आज रायझन ५ ७६०० घ्या, दोन-तीन वर्षांनी बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मारून त्याच बोर्डावर एखादा एक्स३डी (जादा कॅशवाला, गेमिंगला भारी प्रोसेसर) टाका. ज्यांनी तेव्हा बी३५० बोर्ड घेतले त्यातल्या बऱ्याच जणांना २०२२ मध्ये ५८००एक्स३डी टाकता आला, एएम४ चं कौतुक होतं ते याच्यासाठीच ना? आणि कार्ड वॉरंटीला गेलं की तुमच्या ५६०० वर स्क्रीन काळी, ७६०० ला बेसिक ग्राफिक आतच असतं. रॅम महाग वाटते तर आत्ता १६ जीबीची एकच स्टिक घ्या, दुसरी नंतर.

जुनं_ते_सोनं
"नंतर"! हे नंतर कधी येत नाही ताई, नंतर अख्खा पीसीच बदलतो माणूस. आणि एका स्टिकवर चालवायचं म्हणजे सिंगल चॅनल (रॅमकडे जायला दोनऐवजी एकच रस्ता), प्रोसेसरवर लोड येणाऱ्या गेममध्ये झटके बसतात ते वेगळंच. डीडीआर५ च्या एका स्टिकमध्येच दोन चॅनल असतात असं कुणी सांगेल आता, तर ते ३२-३२ बिटचे असतात, मिळून ६४ च, म्हणजे डीडीआर४ च्या एका स्टिकएवढेच.

वऱ्हाडी_मिरची
तुम्ही दोघं सॉकेटवरच काहून भांडून राह्यले बे? एसएमपीएसचं (पीसीले वीज देणारा डब्बा) कोणीच बोलत नाही. दुकानदार कॅबिनेटसोबत जो फुकटातला डब्बा देते ना, त्याच्यावर ५०० वॅट लिहिलेलं असते फक्त. ८० प्लसचा शिक्का पण एफिशियन्सीचा आहे, आतल्या मालाची गॅरंटी नाही. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर असते, तिथं हलका एसएमपीएस जीव सोडते न कधी कधी बोर्डाले पण संग नेते. अन् स्वस्तातला यूपीएस शुद्ध साइन वेव्ह देत नाही, ॲक्टिव्ह पीएफसीवाला (वीज नीट खेचायचं सर्किट असलेला) एसएमपीएस त्याच्यावर लाइट गेल्याबरोबर बंद पडू शकते. हे पाहा पहिले.

कॉलेजकट्टा
मला एका दुकानातून कोटेशन आलंय, रायझन ५ ५५००, बी४५० बोर्ड, आरटीएक्स ५०६० ८ जीबी. पार्ट जुळवायच्या साइटवर टाकलं तर सगळं हिरवं दाखवतंय. मग घेऊन टाकू ना? बाबा उद्या पैसे देणारेत 😅

रात्रपाळी
थांब भावा. साइट मुख्यतः एवढंच बघते की सॉकेट तोच आहे का आणि वॅट पुरतात का. ५०६० ला पीसीआयच्या (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ८ च लेन आहेत, १६ नाहीत. कार्ड जेन ५ चं (जेन म्हणजे त्या रस्त्याची पिढी, नवी तेवढी फास्ट), पण ५५०० हा जेन ३ चाच प्रोसेसर आणि बी४५० पण जेन ३ चाच बोर्ड, म्हणजे कार्डाला जेन ३ च्या ८ लेन मिळणार. तसं फार जाणवत नाही, पण टेक्श्चर हाय केलं, कार्डाची ८ जीबी मेमरी भरली आणि कार्ड मेन रॅममधून डेटा ओढायला लागलं की मग अडखळायला लागतं. ५५०० आणि ५६०० दिसतात भाऊ-भाऊ पण आतली चिप वेगळीये. ५६०० आणि बी५५० लिहून घे, बी४५० राहिला तर नुसता ५६०० टाकून उपयोग नाही.

एफपीएस_वाली
बघा, मी हेच म्हणतेय. एएम४ मध्ये एवढं सगळं माहीत असावं लागतं, पोराने उद्या पैसे देऊन टाकले असते. एएम५ वर अगदी ए६२० बोर्ड घेतला तरी कार्डाला जेन ४ मिळतंच.

रात्रपाळी
मिळतंच असं नाही. एएम५ वर ८५००जी घेतला तर कार्डाच्या वाट्याला ४ च लेन येतात. खड्डे तिकडे पण आहेत. आणि ते "दुसरी स्टिक नंतर" पण जपून, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक ६००० स्पीडला जुळतीलच असं नाही, आणि चार भरल्या तर ७००० सिरीजला ऑफिशियल स्पीड ३६०० वर येतो. एएम५ घ्यायचाच तर पहिल्याच दिवशी दोनची किट घ्या, आणि त्या किटचा आजचा भाव बघून मी तरी सध्या जुनं_ते_सोनं यांच्या बाजूला आहे.

एफपीएस_वाली
किट तर किट. मी कार्ड एक पायरी खाली घेईन पण बोर्ड एएम५ चाच घेईन. कार्ड जुनं झालं तरी पटकन विकलं जातं, एएम४ चा बोर्ड अजून तीन वर्षांनी कोण घेणारे?

जुनं_ते_सोनं
विकायला पीसी घेताय की खेळायला?

कॉलेजकट्टा
दुकानदाराला फोन केला, ५६०० आणि बी५५० देतोय, थोडे वाढवून. आता म्हणतोय समोर २४० मिलिमीटरचं लिक्विड कूलर लावू, भारी दिसेल.

वऱ्हाडी_मिरची
६५ वॅटच्या प्रोसेसरले लिक्विड? पैसे उतू चालले का तुह्या बाबाचे? कॅबिनेटवर कार्डाची लांबी ३३० लिहिली असन, त्यातून रेडिएटरचे २७ न पंख्याचे २५ मिलिमीटर वजा कर, राह्यले २७८. तीन पंख्याचं कार्ड ३०० च्या आसपास जाते, कुठं कोंबशीन? प्रोसेसरच्या डब्यात येणारा कूलर लाव न ते पैसे एसएमपीएसमध्ये टाक.