मदत हवी आहे: मेकॅनिकल वेपमधी टॉर्चचा सेल चालते का, अन् कॉइल किती ओहमची लागते?

कपाशीवाला:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वायला हाय पन सेलचं समजणारे लोक इथंच भेटतात म्हणून टाकतो. आमचा धाकटा पुण्याले शिकाले होता तेव्हा, म्हणजे ई-सिगारेटवर बंदी याच्या आधी, त्यानं वेपची, म्हणजे ई-सिगारेटची, एक पितळेची नळी घेतली होती, मेक मोड म्हणतात म्हणे. आता तो गावी आला, वावर पाहते, अन् खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडतो म्हणून पेटीतून ते नळी काढून बसला. खर्रा सुटत असन त मी कायले आडवा येऊ, पन त्या नळीत ना चिप ना सर्किट, खालचं बटन दाबलं की सेल सरळ कॉइलले, म्हणजे लिक्विडची वाफ करणाऱ्या तारेले, जोडल्या जाते. त्याचा जुना सेल मेला, म्हणून हा गडी आता जागलीच्या टॉर्चमधला १८६५० काढून टाकतो म्हणते. तो सेल मीच बाजारातून आणला होता, वर ९९०० एमएएच (म्हणजे सेलचा साठा) लिहून हाय. कॉइल पन जळेल हाय त म्हणते शेगडीच्या कॉइलचा तुकडा वळून लावतो, निक्रोमच असते ना दादा. मल्टीमीटरवर ०.४ दाखवते म्हणे. मले भेव वाटते. सेल कोणता, कॉइल किती, का नळीच विहिरीत टाकू? आकड्यात सांगा, कारण माह्यं ऐकत नाई, "दादा तुले काई समजत नाई" म्हणते.

रिपेरिंगवाला_वर्धा:
भाऊ पहिले त तो ९९०० वाला सेल त्याच्या हातातून घ्या. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड अन् ६५ मिलिमीटर लांब, एवढ्या डबीत आजपर्यंत साडेतीन-चार हजार एमएएचच्या आसपासच माल बसला हाय, मोठमोठ्या कंपन्यायचा पन. ९९०० लिहिलं म्हणजे लेबलवाल्यानं आपल्या मनानं छापलं. सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा, असली सेल ४५ ग्रॅमच्या आगंमागं भरते. माह्याकडं टॉर्च येतात त्यातले असे सेल फोडले की आत बारकासा सेल अन् बाकी पोकळ, काहीत त पांढरी भुकटी. टॉर्चले एक-दोन अँपिअर लागते म्हणून तिथं खपून जाते. नळीत नाई खपत.

संत्रानगरी:
मी बंदीच्या आधी मेकच वापरायचो, आता सोडलं, म्हणून लिहितो. धाकट्याला सांग व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर, बस एवढंच गणित आहे पण ते दर वेळी करा लागते कारण चूक पकडायला आत कोणी बसलेलं नाही. फुल चार्ज सेल ४.२ व्होल्ट, हिशोब त्यावरच करायचा, ३.७ वर नाही. ०.४ ची कॉइल म्हणजे १०.५ अँपिअर, ०.२ म्हणजे २१, ०.१५ म्हणजे २८. आता हा आकडा सेल सतत जितका करंट देऊ शकते त्याच्या बराच आत पाहिजे, लेबलवर पल्स (क्षणभराचा करंट) म्हणून मोठा आकडा छापतात तो धरायचा नाही. सॅमसंगचा २५आर २५०० एमएएच अन् २० अँपिअर, एलजीचा एचजी२ ३००० अन् २०, सोनीचा व्हीटीसी५ए २६०० अन् २५. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० चा आहे, टॉर्चला झकास, पण करंट पाचेक अँपिअर, मेकमध्ये त्याचं काही काम नाही. लोकं एमएएच पाहून सेल घेतात अन् तिथंच फसतात, एका डबीत दोन्ही बसत नाही, साठा वाढला की जोर कमी होते.

कॉइलचं म्हणशील तर २६ गेज जाडीची कँथल तार, ३ मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे, साधारण ०.८ ओहम. अशी एकच लावली तर सव्वापाच अँपिअर, सेल थंडा राहते. दोन लावल्या की पॅरलल, लगेच ०.४. नव्या पोट्ट्याला मेकवर ०.५ च्या खाली आम्ही जाऊच देत नव्हतो, तरी काही जण वाफेच्या मोठ्या ढगासाठी ०.१ पर्यंत जायचे.

आता त्याच्या मीटरचं. साध्या मल्टीमीटरचे दोन प्रोब एकमेकाला टेकव म्हणा, काही न मोजता ०.२, ०.३ दाखवते, ती त्या वायरींचीच असते. म्हणजे त्याचे ०.४ खरे ०.१ पण असू शकतात अन् मग ४२ अँपिअर झाले, तेवढे वर सांगितलेला एकही सेल देत नाही. कॉइलसाठी वेगळा ओहम रीडर येते. अन् शेगडी? १००० वॅटच्या शेगडीची पुरी कॉइल २३० व्होल्टवर ५३ ओहम भरते, ताणली तर आंगणभर तार निघते, त्यातला बोटभर तुकडा कापून किती ओहम उरतीन तूच सांग. वरून ती तार कोणत्या मिश्रणाची, किती वेळा लाल झालेली, काहीच माहीत नाही अन् त्याची वाफ छातीत घ्यायची.

कपाशीवाला:
सोनाराकडं नेला, ३१ ग्रॅम भरला. धाकटा थोडा चुप झाला. आता म्हणते जुन्या लॅपटॉपचे सेल काढतो, ते त असली असतात. अन् रिपेरिंगवाले भाऊ, नळी गरम होईन, जास्तीत जास्त सेल मरन, फुटन कशी म्हणते तो.

रिपेरिंगवाला_वर्धा:
लॅपटॉपचे असली असतात पन बहुतेक कमी करंटवाले, अन् जुने. टॉर्चले लावा, नळीले नोको.

फुटन कशी म्हणता? १८६५० ची पुरी बॉडी निगेटिव्ह असते, वरची टिकली तेवढी पॉझिटिव्ह, मधात एक पातळ प्लास्टिक अन् कागदाची चकती. ते प्लास्टिक कुठं फाटलं अन् पितळ लागली की डायरेक्ट शॉर्ट. सेल तापला की आतला गॅस बाहेर पडाले पाहते. नळीले भोकं नसतीन, असली पन बारीक असतीन, त दोन्हीकडून बूच मारलेला तो सुतळी बॉम्बच झाला, अन् तोंडाजवळ धरेल. अमेरिकेत २०१८ मधी फ्लोरिडात एक माणूस अशाच मेकॅनिकल वेपनं गेला, तुकडा डोक्यात घुसला. २०१९ मधी टेक्सासात दुसरा, त्याची मानेची रक्तवाहिनी कापल्या गेली.

संत्रानगरी:
अजून एक पाहून घे, नळी हायब्रिड आहे का? म्हणजे वरच्या टाकीची (कॉइल अन् लिक्विड असते ती) पिन सरळ सेलच्या टिकलीवर टेकते का. तसं असलं तर पिन बाहेर निघालेली पाहिजे, आत दबलेली असली तर टाकीची कडा सेलच्या कडेला लागते, शॉर्ट. बऱ्याच टाक्यांची पिन दबलेलीच असते, त्या मेकवर चालतच नाहीत. अन् बटनाला लॉक नसन तर खिशात ठेवली की आपोआप दाबल्या जाते.

पीएचसीवाली_ताई:
सेलचं मला कळत नाही, पण दोन गोष्टी. २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं, आणणं, साठा करणं सगळ्यावर बंदी आहे, विकणाऱ्याला पहिल्याच वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे त्याला लिक्विड जिथून मिळेल तिथं बाटलीत निकोटिन किती हे तपासणारं कोणीच नाही. दुसरं, खर्रा सोडायचाच आहे तर २ एमजीचं निकोटिन गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. ते चघळून गालात दाबून ठेवायचं असतं, खर्ऱ्यासारखं सारखं चावत बसलं की उचकी आणि मळमळ होते, मग लोक म्हणतात गम लागू पडत नाही. तंबाखू सोडण्याची सरकारी हेल्पलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे. आमच्याकडे येणाऱ्या खर्रावाल्यांना तोंड रिकामं राहिलं की कसंसंच होतं, त्यांना आम्ही सोबत लवंग ठेवायला सांगतो. तोंड पूर्ण उघडतं का तेही एकदा तपासून घ्या, बोटं उभी घालून पाहा, तीन बोटं जात नसतील तर त्याला घेऊनच या.

कपाशीवाला:
ताई, अडीच बोटं जातात. सोमवारी आणतो त्याले, हे काई मी त्याच्यावर सोडत नाई.
नळी आता माह्या कपाटात हाय, किल्ली त्याच्या वहिनीकडं. तिच्याकडून तो मागूच शकत नाई. पन टॉर्चचं राहिलंच ना, हरभऱ्यात डुकरं येऊन राहिले अन् लाइन रातची हाय, ओलाले जा लागते. कोणता सेल टाकू?

संत्रानगरी:
वर सांगितला तो पॅनासॉनिक, नाहीतर कोणताही असली ३००० च्या वरचा. घेतल्यावर काट्यावर ठेव.

रिपेरिंगवाला_वर्धा:
टॉर्च एका सेलची असन त काई टेन्शन नाई. दोन सेलची असन त दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले टाका, एक जुना एक नवा चालत नाई. टॉर्चसोबत आलेला चार्जर पन एकदा मोजा, फुल झाल्यावर सेलवर ४.२ च्या वर दाखवत असन त तो फेका. उन्हाळ्यात टिनाखालच्या खोलीत दुपारी चार्जिंगले लावू नोका, सेलची चार्जिंगची हद्दच बहुतेक ४५ अंश असते अन् आपल्याकडं बाहेरच तेवढं असते, रातीच लावत जा. तो ३१ ग्रॅमवाला चुलीत नाईतर उकिरड्यावर टाकू नोका, दोन्ही टोकायले चिकटपट्टी लावून ठेवा. माह्याकडं ई-कचऱ्याचं पोतं भरून हाय, वर्ध्याले यानं झालं त घेऊन येजा.