स्लाऊमध्ये राहतोय, खालच्या डिव्हिजनच्या फुटबॉल मॅचेसना कोणी जातं का?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, कामानिमित्त इंग्लंडात स्लाऊला आलोय आणि अजून बरेच दिवस इथंच असणार. लहानपणापासून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग बघितलेली, पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम अशी मॅच असली की दुपारपासून पेठेत दुसरा विषय नाही, कुठल्या तालमीचा कुठला पोरगा फॉर्मात आहे ते घरात आज्जीला पण माहीत असायचं. इथं आल्यावर आधी प्रीमियर लीगच्याच मागं लागलो. मेंबरशिप घ्या, मग तिकिटासाठी ऑनलाइन रांगेत बसा, मग रीसेलचे भाव बघून गप्प बसा. शेवटी एका मोठ्या क्लबच्या मॅचला गेलो पण, सीट एवढी वर की खेळाडू ओळखू येईनात, आजूबाजूला निम्मे लोक माझ्यासारखेच पाहुणे, ओरडायचं कुणाबरोबर? खेळ एक नंबर होता त्यात वादच नाही, पण घरी आलो तर मॅच बघून आल्यासारखं वाटेना.

तर आता असं डोक्यात आहे की इथल्या खालच्या लीगमध्ये एखादी टीम धरावी आणि नेमानं जावं. गावातच स्लाऊ टाऊन म्हणून क्लब आहे. लेव्हल बघण्यासारखी असते का? तिकीट आधी काढायला लागतं का गेटवर मिळतं? आणि खरं सांगायचं तर मोठी शंका ही की बायको आणि लहान मुलीला घेऊन जायचं आहे, आपल्यासारखे दिसणारे लोक तिथं असतात का, काही त्रास होतो का? इंग्लंडच नाही, जर्मनीत वगैरे कोणी जात असेल तर तेही सांगा, ऑफिसच्या कामानं म्युनिकला चक्कर असते.

टेम्सकाठचा_ठाणेकर

अहो स्लाऊमध्ये राहून विचारताय! स्लाऊ टाऊनचं ग्राउंड म्हणजे आर्बर पार्क, स्टेशनवरून चालत जाता येतं. मी बरीच वर्षं जातोय तिथं. आधी लेव्हलचं सांगतो. वरच्या चार डिव्हिजन म्हणजे प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू मिळून 92 क्लब. त्याखाली सगळं नॉन-लीग, पाचवी पातळी नॅशनल लीग, आणि तिच्या खाली सहाव्या पातळीवर नॅशनल लीग नॉर्थ आणि साऊथ. स्लाऊ 2018 ला प्रमोशन मिळवून साऊथमध्ये आले. खेळाडू बहुतेक पार्टटाइम, म्हणजे आठवडाभर कुठंतरी नोकरी आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी प्रॅक्टिस. पण हलकं समजू नका, अंगावर येऊन खेळतात, दमाला कमी नाहीत, आणि टचलाइनला रेलिंगला टेकून उभं राहिलात तर गोलकीपर आपल्या डिफेंडरला काय काय बोलतो ते शब्दन् शब्द ऐकू येतं (मुलगी लहान आहे तर गोलच्या मागं उभे राहू नका, बाजूला बसा).

ह्या क्लबची एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला पाहिजे. 2003 ते 2016 ह्यांना स्वतःच्या गावात मैदानच नव्हतं, विंडसरला, बीकन्सफील्डला दुसऱ्याच्या ग्राउंडवर होम मॅचेस खेळायचे. 13 वर्षं! आणि तेवढी वर्षं काही माणसं दर मॅचला दुसऱ्या गावात जाऊन आपल्याच टीमची होम मॅच बघत राहिली, आजही ती गेटवर, टी-बारमध्ये दिसतात, त्यातल्या कुणाशी बोलायला लागलात तर मॅच बाजूला राहील. मला ह्या क्लबचा जो काही जिव्हाळा लागला तो त्यांच्यामुळे.

तिकीट गेटवर मिळतं, 15 पौंडांच्या आतबाहेर, लहान मुलांचं अगदी किरकोळ. फक्त कपची मोठी मॅच असेल तर आधी काढा. होम आणि अवे फॅन्स वेगळे बसवत नाहीत बऱ्याचदा, आणि हाफटाइमला एक मजा असते, आपली टीम ज्या गोलवर अटॅक करणार त्या गोलच्या मागं जाऊन उभं राहायचं म्हणून दोन्हीकडचे लोक झेंडे-बॅनर उचलून चालत जागा बदलतात, वाटेत एकमेकांना टोमणे मारत. बिअरचं पण असंच, 1985 च्या कायद्यामुळे वरच्या पाच पातळ्यांवर पिच दिसेल अशा जागी बसून पिता येत नाही, सहावीपासून खाली ती अडचण नाही.

शनिवारी 3 वाजता किक-ऑफ. इंग्लंडात शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच लाइव्ह फुटबॉल टीव्हीवर दाखवत नाहीत हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. 1960 च्या दशकात बर्नलीचे चेअरमन बॉब लॉर्ड यांनी हे लावून धरलं होतं, टीव्हीवर मोठी मॅच दिसली तर छोट्या क्लबांच्या गेटवर कोण येणार म्हणून. लोक या नियमाला जाम शिव्या घालतात पण मी त्याच्या बाजूनं आहे, आमच्यासारख्या ग्राउंडांवर त्या वेळेला माणूस येतो तो ह्याच्यामुळे, आणि त्या गेटच्या पैशावर पोरांचे पगार निघतात.

कांचन_हॅरो

मुलीला घेऊन जायचं म्हणालात म्हणून लिहितेय. मी माझ्या दोन्ही मुलांना घेऊन जाते, कधी कधी एकटीच, नवरा क्रिकेटवाला. लंडनच्या आसपास नॉन-लीगला आपल्यासारखे लोक कमी असतात हे खरं, स्लाऊ-हेजकडे बरे दिसतात, बाहेरच्या छोट्या गावात गेलात तर स्टँडमध्ये तुम्हीच असाल. बहुतेक वेळा उलटा अनुभव येतो, लोक स्वतःहून बोलायला येतात, कुठून आलात, पोरांना फुटबॉल आवडतं का. पण सगळं गोडगोड नाही सांगणार. एका ग्राउंडवर एका माणसानं घाणेरडी कॉमेंट केली होती, मी लगेच स्ट्युअर्डला सांगितलं आणि त्याला बाहेर काढलं. तेव्हा ऐकून घेऊन गप्प बसू नका, जागेवर सांगा, किक इट आउट म्हणून फुटबॉलमधल्या भेदभावाविरुद्ध काम करणारी संस्था आहे, तिच्याकडे नंतर ऑनलाइन तक्रार पण करता येते. आणि मुलांसमोर आपण सांगितलं हे मुलांनी बघणं मला महत्त्वाचं वाटतं.

आता माझ्याकडून एक ठिकाण, लुइस. लंडन व्हिक्टोरियावरून ट्रेननं तासाभराच्या थोडं वर, स्टेशनला लागूनच ग्राउंड, नाव ड्रिपिंग पॅन. खोलगट मैदान, बाजूला गवताचे उंचवटे, मागं साऊथ डाऊन्सच्या टेकड्या, आणि एका बाजूला समुद्रकिनाऱ्यावर असतात तसल्या रंगीत लाकडी झोपड्या ठेवल्यात ग्रुपनं बसून मॅच बघायला. क्लब फॅन्सच्या मालकीचा. 2017 मध्ये त्यांनी पुरुषांच्या आणि बायकांच्या टीमला सारखं बजेट द्यायचं ठरवलं, असं त्याआधी कुठल्या क्लबनं केलं नव्हतं. मुलीला तिथं बायकांच्या टीमची मॅच दाखवा. माझी लेक पहिल्यांदा गेली तेव्हा वॉर्मअप संपवून जाणाऱ्या गोलकीपरनं रेलिंगपाशी थांबून तिच्या हातात स्वतःचे ग्लव्ह्ज घालून दाखवले, चिखलानं भरलेले, कोपरापर्यंत आले तिला. तेव्हापासून घरात सोफ्यावर डाइव्ह मारणं चालू आहे.

खायचं म्हणाल तर व्हेज लोकांना चिप्स आणि चहा नक्की मिळतो, बाकी नशिबावर. मी डब्यात थालीपीठ नेते. आणि थंडी! नोव्हेंबरनंतर मुलीला दोन जोड मोजे घाला, काँक्रीटवर उभं राहिलं की गारठा पायातून चढतो.

म्युनिकमधला_नगरकर

म्युनिकला याल तेव्हा बायर्नच्या मोठ्या स्टेडियमच्या, आलियान्झ अरेनाच्या मागं लागू नका, गीझिंगमध्ये ग्रुनवाल्डर स्टेडियमला जा. मेट्रोनं वेटरश्टाइनप्लाट्झला उतरलं की समोरच. जेमतेम 15,000 माणसं मावतात, चारी बाजूला घरं, आणि तिथं 1860 म्युनिक खेळतात. हा क्लब 1966 चा जर्मन चॅम्पियन. 2017 ला सेकंड डिव्हिजनमधून रेलिगेट झाले, म्हणजे खाली गेले, वर गुंतवणूकदारानं लायसन्ससाठी लागणारे पैसे भरले नाहीत, म्हणून थर्ड डिव्हिजन पण मिळाली नाही, सरळ चौथ्यात. कुठल्याही क्लबचा बाजार उठला असता. इथं उलटं झालं, आलियान्झ सोडून क्लब आपल्या जुन्या मैदानावर परत आला आणि चौथ्या डिव्हिजनला तिकिटं मिळेनात! पुढच्याच वर्षी थर्डमध्ये वर आले. त्यामुळे 1860 चं तिकीट आधीच बघा, ते अवघड असतं. नाही मिळालं तर त्याच मैदानावर बायर्नची दुसरी टीम खेळते, तिथं आरामात मिळतं.

उभं राहायची तिकिटं घ्या, स्वस्त असतात आणि आवाज सगळा तिथंच. मॅचच्या आधी अनाउन्सर खेळाडूचं फक्त पहिलं नाव घेतो आणि आडनाव सगळं स्टेडियम मिळून ओरडतं, त्या वेळेला अंगावर काटा येतो, मला जर्मन धड येत नव्हतं तेव्हासुद्धा यायचा. बिअरच्या ग्लासचं डिपॉझिट घेतात, ग्लास परत दिला की पैसे परत. बऱ्याच ठिकाणी पोरं डोनेशनचा डबा घेऊन उभी असतात, ग्लास त्यांना दिला की ते पैसे युवा टीमला किंवा एखाद्या संस्थेला जातात, मी तिथंच देतो.

म्हापशेकर

सगळे इंग्लंड-जर्मनी सांगतायत म्हणून आमच्या गोव्याचं पण लिहितो. सुट्टीत येशील तेव्हा म्हापशाला दुलेर स्टेडियमवर गोवा प्रो लीगची मॅच बघ. 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशपातळीवरच्या क्लब लीगमधून, अंग काढून घेतलं, धेंपो म्हणजे पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला क्लब, लक्षात घे. भांडण होतं आयएसएल (इंडियन सुपर लीग) आल्यावर आमच्या क्लबांना खालच्या पायरीवर ढकललं त्याचं. पण क्लब बंद नाही केले, राज्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, आणि आम्ही बघत राहिलो. धेंपो 2024 मध्ये लहान पोरांना घेऊन पुन्हा आय-लीगमध्ये चढले. जे लोक म्हणतात भारतात क्लब फुटबॉलला माणूस येत नाही त्यांनी पावसाळ्यात एखाद्या गावच्या टुर्नामेंटला यावं, छत्र्या उघडून उभे असतात लोक बांधावर, रेफ्रीला काय चुकलं ते तीन भाषांत ऐकायला मिळतं.

शिवाजीपेठ_कट्टा

भावा, तिकडं कुठली पण टीम धर पण इकडची सोडू नको. अजून तसंच हाय सगळं, दिवस बदलले पण गॅलरी भरतीया, मॅच असली की दुकानं पोरांवर टाकून माणसं स्टेडियमला. आता मॅचेस मोबाइलवर लाइव्ह पण असतात, लिंक टाकतो तुला. आमचा अनिकेत जाधव 2017 ला अंडर-17 वर्ल्डकप खेळला ते विसरू नको, असल्याच मातीतनं गेलाय पोरगा. त्या इंग्रजांना सांग कोल्हापुरात गल्लीची टीम बघायला हजारो लोक येतात, तिकीट काढून.

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. 13 वर्षं बिनमैदानाचा क्लब हे वाचूनच ठरवलं, स्लाऊच. कांचनताई, लुइसचं उन्हाळ्याच्या आत जमवतोच, बायकोला ती झोपड्यांची गोष्ट सांगितली तर ती माझ्या आधी तयार. ठाणेकर, एकच विचारतो, पाऊस लागला की मॅच रद्द होते का? इथला पाऊस बघून भीती वाटते, पोरगीला तयार करून न्यायचं आणि गेट बंद.

टेम्सकाठचा_ठाणेकर

आर्बर पार्कला कृत्रिम टर्फ आहे त्यामुळे पावसानं सहसा रद्द होत नाही, तो एक मोठा फायदा. अवे मॅचला गवताची ग्राउंडं असतात, तिथं जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी पिच इन्स्पेक्शन होतं, निघायच्या आधी क्लबचं सोशल मीडिया पेज बघायचंच. मंगळवारी रात्री पण मॅचेस असतात, पावणेआठच्या, मुलीची शाळा असेल तर त्या सोडा. येत्या शनिवारी होम मॅच आहे. अडीचला मेन गेटपाशी या, मी असतो, गळ्यात पिवळा-निळा स्कार्फ. त्या जुन्या मंडळींशी ओळख करून देतो, त्यांना कोल्हापूरच्या लीगबद्दल ऐकायला आवडेल, फोटो असतील तर फोनवर घेऊन या.