भांड्यांचे लिक्विड, ब्लीच क्लीनर आणि सरबत: बाटली वर्जिन दाण्याची की रिसायकल?

प्रश्न (बचत गट, अंबड)

आमचा महिला बचत गट भांडी घासण्याचे लिक्विड आणि ब्लीच असलेले फरशी-क्लीनर तयार करतो. येत्या हंगामात दिंडोरीकडच्या द्राक्षांचे सरबतही बाटलीबंद करण्याचा विचार आहे. आजवर आम्ही वर्जिन दाण्याच्या (म्हणजे नव्या, आधी न वापरलेल्या प्लास्टिकच्या) पांढऱ्या एचडीपीई (टणक पॉलिथिलिन) बाटल्या घेत आलो. आता एक पुरवठादार रिसायकल दाण्याच्या बाटल्या बऱ्याच स्वस्तात देऊ करीत असून, दोन्हींत काहीच फरक नसल्याचे सांगत आहे. नमुन्याचा रंग किंचित राखाडी आहे, उजेडासमोर धरल्यावर बारीक काळे ठिपके दिसतात आणि झाकण उघडताच जुन्या शाम्पूसारखा वास येतो. वापरलेले प्लास्टिक पुन्हा कामी यावे, असे आम्हांला मनापासून वाटते. पण एकदा माल गळाला की दुकानदार पुन्हा फळीवर जागा देत नाही. तिन्ही उत्पादनांना ही बाटली चालेल का?

उत्तर १ (ब्लो मोल्डिंग, म्हणजे वितळलेली नळी साच्यात फुगवून बाटल्या बनवणारे व्यावसायिक, सातपूर)

ताई, तिन्हींना एकच बाटली चालणार नाही. ‘फरक नाही’ हे पुरवठादाराचे म्हणणे चूक आहे. मात्र रिसायकल बाटली म्हणजे टाकाऊ बाटली, असेही नाही.

भांड्यांच्या लिक्विडपासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते. साबणी द्रव्य एचडीपीईला विरघळवत नाही; परंतु बाटलीत जिथे आधीच ताण असतो तिथे ते केसाएवढी भेग हळूहळू वाढवत नेते. आमच्या धंद्यात याला स्ट्रेस क्रॅकिंग म्हणतात. बाटल्यांसाठीचा वर्जिन ब्लो ग्रेड दाणा या भेगांना तोंड देईल असाच बनवलेला असतो. भंगारातून आलेल्या दाण्यात मात्र बाटल्यांबरोबर बादल्या, क्रेट आणि झाकणेही दळलेली असू शकतात. त्या वस्तू इंजेक्शन मोल्डिंगच्या (साच्यात दाबाने भरल्या जाणाऱ्या), सहज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या असतात. त्यांच्या रेणूंच्या साखळ्या आखूड असल्याने भेग लवकर पुढे सरकते. बाटली उलटी करून पाहा: साचा मिटताना प्लास्टिकची नळी जिथे चिमटली जाते, तिथे तळाला एक सरळ शिवण दिसते. गळती बहुधा या शिवणीपासूनच सुरू होते आणि आधी नुसती चिकट ओल जाणवते, थेंब नंतर पडतो.

म्हणून पुरवठादाराला दर विचारण्याआधी दाणा कुठला ते विचारा. कारखान्यातल्याच कटिंगचा चुरा पुन्हा वापरला असेल तर तो जवळजवळ वर्जिनसारखाच वागतो. घरोघरच्या भंगारातला असेल तर प्रत्येक लॉटचा मेल्ट फ्लो (वितळलेले प्लास्टिक किती सहज वाहते याचे माप) आणि बाटलीचे वजन लेखी मागा. ब्लो मोल्डिंगच्या एचडीपीईचा मेल्ट फ्लो १९० अंश सेल्सिअसला, २.१६ किलोच्या वजनाखाली, दहा मिनिटांना साधारण ०.३ ग्रॅमच्या आसपास असतो. तो १ च्या वर गेलेला दिसला तर ती बाटली मी साबणी मालासाठी देणार नाही.

चाचणी तुम्हांलाही करता येईल. तुमचेच लिक्विड भरून, झाकण घट्ट लावून, वर्जिन आणि रिसायकल बाटल्या शेजारी-शेजारी ५० अंशांच्या आसपासच्या उबेत काही आठवडे वजनाखाली ठेवा. पाणी भरून केलेल्या चाचणीला येथे काहीच अर्थ नाही. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात माल कसा टिकेल, याचा अंदाज तुमच्या लिक्विडच्या चाचणीतूनच येतो.

उत्तर २ (अन्नप्रक्रिया क्षेत्रातील सल्लागार, नाशिक रोड)

सरबतासाठी ही बाटली मुळीच घेऊ नका. एफएसएसएआयच्या (भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या) २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी खाद्यपदार्थांसाठी रिसायकल प्लास्टिकला मनाई केली होती. पुढे दार उघडले, तेही प्राधिकरणाच्या निकषांत बसणाऱ्या पुनर्प्रक्रिया केलेल्या पेटसाठी (पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचे प्लास्टिक). भंगाराच्या एचडीपीईला त्याचा आधार नाही. पॉलिथिलिनसाठी आयएस १०१४६ आणि पेटसाठी आयएस १२२५२ ही भारतीय मानके पाळल्याचे प्रमाणपत्र घ्या. बाटलीतून पदार्थात उतरणाऱ्या एकूण अंशाची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे, तिचा प्रयोगशाळा अहवालही मागा. सरबत गरम भरणार असाल तर साधी पेट बाटली आकसते, त्यासाठी हॉट-फिल प्रकारचीच लागेल.

ब्लीचचे प्रकरण वेगळे आहे. सोडियम हायपोक्लोराइट उजेडाने, उष्णतेने आणि लोह, तांबे किंवा निकेल यांच्या अल्प अंशानेही विघटित होते, ऑक्सिजन सोडते आणि बाटली फुगते. भंगारातल्या दाण्यात कोणती रंगद्रव्ये आणि धातूंचे अंश आहेत हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून ब्लीचच्या संपर्कात येणारा आतला थर वर्जिनच हवा, बाटली अपारदर्शक हवी आणि झाकण वायू बाहेर जाऊ देणारे हवे.

प्रश्नकर्त्याची विचारणा

म्हणजे रिसायकलचा विचार भांड्यांच्या लिक्विडपुरताच करायचा, हे पटले. पण तिथे वासाचे काय करावे? आमच्या लिक्विडला लिंबाचा सुगंध आहे.

उत्तर ३ (पॅकेजिंग अभियंता, सिन्नर)

सुगंधाने वास झाकण्याच्या भानगडीत पडू नका. बाटलीच्या भिंतीत मुरलेला वास आतल्या मालात उतरत राहतो. तीन थरांची बाटली मागा: आत-बाहेर वर्जिन आणि मधल्या थरात रिसायकल. अशी मशिनरी सर्वांकडे नसते आणि कमी नग असतील तर दरही चढा येतो. ती न मिळाल्यास गरम पाण्याने व डिटर्जंटने नीट धुतलेल्या दाण्याचे २५-३० टक्के मिश्रण घेऊन पाहावे, असे मी सुचवीन. रंग गडद हिरवा ठेवा. पांढऱ्या रंगाच्या आग्रहाने रिसायकल माल उगाच नाकारला जातो.

हा बदल पुढे टाळता येण्यासारखा नाही. प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत २०२२ मध्ये जोडलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी कडक (बाटल्या-डब्यांसारख्या टणक) पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ साठी ३० टक्के आणि २०२८-२९ पासून ६० टक्के रिसायकल अंश ठरवून दिला आहे. अन्य कायद्याने जिथे मनाई आहे तिथे सवलतीची तरतूद आहे. तुमच्या आकाराच्या उद्योगावर नेमके काय लागू होते, ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून तपासून घ्या. आणि एक गोष्ट आत्ताच करता येईल: सरबताच्या पेट बाटलीवर पीव्हीसीची स्लीव्ह (बाटलीभोवती घट्ट बसणारे प्लास्टिकचे लेबल) चढवू नका. तिचे बारीक तुकडे पेटबरोबर वितळताना जळतात आणि अख्खा दाणा पिवळा पडतो. पाण्यात सहज सुटणाऱ्या गोंदाचे कागदी लेबल लावले, तर तुमची बाटली पुढच्या माणसाला चांगला दाणा म्हणून मिळेल.