मदत हवी आहे: आईच्या पंच्याहत्तरीच्या नाश्त्यासाठी जरा वेगळा कॅफे

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईची पंच्याहत्तरी आहे. हॉल, जेवणावळी तिला नकोत. सकाळी घरच्यांनी मिळून निवांत नाश्ता करायचा, एवढीच तिची इच्छा. आम्ही मुलांसकट बाराजण.

पुण्यातली वैशाली, रुपाली, गुडलक ही नाश्त्याची आमची लाडकी ठिकाणं, पण रविवारी बाहेर ताटकळणारी माणसं दिसली की रेंगाळायला जीव होत नाही. म्हणून एरंडवणे, प्रभात रोड किंवा मॉडेल कॉलनीत जुन्या बंगल्यातला, झाडाखाली टेबलं मांडलेला हटके कॅफे शोधतोय. कपाटात पुस्तकं आणि पायाशी एखादं मांजर असेल तर आई फार खूश होईल.

जिना नको, तिचे गुडघे दुखतात. मुलांना पॅनकेक चालतील, पण तिला उपमा किंवा थालीपीठ हवंच. टोस्ट म्हणजे तिच्या मते नाश्ता नव्हेच.

मुख्य अडचण पुढेच आहे. तिला ७५ दिव्यांनी ओवाळायचं आहे. कणकेचे छोटे दिवे, परात, तूपवाती सगळं घरून आणू. अंगणात पाच-दहा मिनिटं दिवे लावू देतील अशी जागा कुणाला माहीत आहे का? तिथे टेबल आधी राखून ठेवतात का, तेही कृपया सांगा.