मदत हवी आहे: ओस गावठाणातल्या मातीतून चाकवत उगवलाय, बी किती जुनं कसं ठरवू?

पाटण तालुक्यात कोयना धरणापायी उठलेल्या गावाचं गावठाण आहे. पाण्याखाली गेलेलं नाही, अभयारण्याबाहेर आहे, मालकाची परवानगी घेतलीय. पडक्या जोत्याच्या फरशीखालची माती हातभर खोलवरून काढून ट्रेमध्ये पसरली, वर मच्छरदाणी बांधली. शेजारच्या ट्रेत भाजलेली माती. तीत काहीच आलं नाही, म्हणजे वाऱ्याने आलेलं बी नसावं. पहिल्या ट्रेत मात्र चाकवताची रोपं आली, कोवळ्या शेंड्यांवर ती पिठासारखी पांढरी भुकटी. सध्या भोवताली नुसती कारवी, चाकवत ज्यात तण म्हणून येतो ते गव्हाचं रान कुठेच नाही.

डेन्मार्कमध्ये जुन्या वस्त्यांच्या थरांतलं चाकवताचं बी शेकडो वर्षांनी उगवल्याचा दावा १९६०च्या दशकात झाला, पण वय थरावरून काढलेलं. इथंच घोडं पेंड खातं. मुंग्या, उंदीर ताजं बीही खाली नेतात.

रोपांना चिकटून आलेली बियांची सालपटं जपून ठेवलीत. अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन, ज्याच्या प्रमाणावरून वय काढतात) १९६०च्या दशकात खूप वाढला, हे ठाऊक आहे. पण आता तो बराच उतरलाय. मग ही वाढ होण्याआधीचं, म्हणजे १९५५ आधीचं बी आणि गेल्या दोन-चार वर्षांतलं बी सालपटांच्या कार्बन-१४ तपासणीत वेगळं ओळखू येईल का? आणि एका बियाचं सालपट पुरेल, की बरीच एकत्र करावी लागतील?