मदत हवी आहे: रिसायकल होणारे पाऊच सीलच होत नाहीत, शनिवारी माल द्यायचाय

घरउद्योग_७४ · सोमवार, रात्री १०:४२
नवीन पाऊच आलेत, रिसायकल होणारे. सील होत नाहीत. मशीन तेच, बाया त्याच, जुने पाऊच आजही नीट सील होतात. सप्लायर म्हणतो मशीन बघा, मशीनवाला म्हणतो पाऊच बघा. ६००० पाऊच पडून आहेत, पैसे भरून झालेत. तापमान वाढवून पाहिलं, आणखीच बिघडतं. शनिवारी माल गेला नाही तर ऑर्डर जाईल. कोणी असे पाऊच वापरत असेल तर लवकर सांगा.

नाशिककर_प · सोमवार, रात्री ११:०५
कसला माल? पावडर, तळलेलं की ओलं? मशीन कुठलं? सील होत नाही म्हणजे नक्की काय होतं, चिकटतच नाही, की चिकटून सुटतं?

मसाला_माई · सोमवार, रात्री ११:२०
प्लास्टिकच्या मागे लागूच नका. आम्ही दोन वर्षांपासून कागदी पाकिटात हळद देतो. गिऱ्हाईक खूश आहे आणि दिसतंही छान.

नाशिककर_प · सोमवार, रात्री ११:२६
माई, त्या कागदी पाकिटाच्या आत पातळ प्लास्टिकचा थर असतो, म्हणून तर ते गरम पट्टीने चिकटतं. कागद आणि प्लास्टिक एकत्र आलं की ते वेगळं करणं अजून अवघड. आणि ताईंनी पाऊच सील कसा करायचा ते विचारलंय.

मसाला_माई · सोमवार, रात्री ११:३१
थर असेलही, पण माझी हळद तीन पावसाळे टिकली. मी अनुभवाचं बोलते.

घरउद्योग_७४ · मंगळवार, सकाळी ६:१५
बँड सीलर आहे, पट्टा फिरतो तो. सीलच्या जागी चुण्या पडतात आणि पाऊच पट्ट्याला चिकटून ओढला जातो. काही सील वरून चांगलं दिसतं, पण गार झाल्यावर दाबलं की हवा सुटते. पाऊचवर मागे रिसायकलचा त्रिकोण आहे.

हिरवी_वाट · मंगळवार, सकाळी ८:४०
ताई, रिसायकलपेक्षा कंपोस्टेबल पाऊच घ्या. मातीत मिसळून जातात, मागे काही उरत नाही. माझ्या ओळखीत एक जण बनवतात, संपर्क देऊ का?

नियम_वाचक · मंगळवार, सकाळी ९:१२
घरामागच्या मातीत ते असे सहज मिसळत नाहीत. त्यासाठी मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता आणि ओल लागते. आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कोणी कंपोस्टेबल म्हणून विकत असेल तर घेऊ नका. आणि असा पाऊच चुकून साध्या पॉलिथिनच्या भंगारात गेला तर तो सगळा लॉट खराब करतो.

हिरवी_वाट · मंगळवार, सकाळी ९:३०
प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहे, मी पाहिलंय. सुरुवात कोणीतरी केलीच पाहिजे. सगळेच थांबले तर कंपोस्टचे प्रकल्प तरी कशाला उभे राहतील?

नियम_वाचक · मंगळवार, सकाळी ९:४४
हा मुद्दा मान्य, पण शनिवारच्या मालाला त्याचा उपयोग नाही. ताई, तुम्हाला हे पाऊच घ्यायला कोणी सांगितलं? गिऱ्हाइकाने लेखी काय मागितलंय? रिसायकल होणारा की रिसायकल केलेला? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिसायकल केलेला प्लास्टिकचा दाणा खाण्याच्या पाकिटात सर्रास चालत नाही. एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, सध्या फक्त रिसायकल केलेल्या पेटला (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक), तेही ठरवून दिलेल्या अटींवर, वाट मोकळी केली आहे.

घरउद्योग_७४ · मंगळवार, दुपारी १:५०
एका सुपरमार्केट साखळीने सांगितलं. पुढच्या ऑर्डरपासून पाऊच एकाच जातीच्या प्लास्टिकचा हवा, नाहीतर माल घेणार नाही. पत्रात 'मोनो मटेरियल, रिसायकलेबल' असं आहे. आमच्याकडे नऊ बाया कामाला आहेत, त्यातल्या पाच जणींचं घर याच कामावर चालतं. आम्हाला आता नियम लागू झालेत का? दंड होईल का?

नियम_वाचक · मंगळवार, दुपारी २:२५
दंडाची काळजी नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने ईपीआरची मार्गदर्शक तत्त्वं आणली. म्हणजे जो ब्रँड बाजारात प्लास्टिक आणतो, त्याने तितकं प्लास्टिक गोळा होऊन प्रक्रियेला जाईल याची जबाबदारी घ्यायची. सूक्ष्म आणि लघु उद्योगातल्या ब्रँडवाल्यांना त्यातून वगळलंय. नऊ बायांचा उद्योग बहुतेक सूक्ष्ममध्येच बसेल, उद्यम नोंदणी तेवढी करून ठेवा. पण तुमची साखळी मोठी आहे, तिच्यावर ते ओझं आहे, म्हणून ती खालच्या प्रत्येकाकडे मागते. या नियमांत कडक प्लास्टिक पहिला वर्ग, पिशव्या-पाऊच दुसरा, आणि प्लास्टिकसोबत कागद किंवा अॅल्युमिनियमची फॉइल असेल तर तिसरा. तिसऱ्या वर्गाचा माल पुढे घेणारा मिळत नाही, म्हणून सगळे दुसऱ्याकडे वळतायत.

पाऊचवाले_काका · मंगळवार, संध्याकाळी ७:१०
मी लॅमिनेशनच्या, म्हणजे फिल्मचे थर एकमेकांना चिकटवायच्या, कारखान्यात २६ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी छोट्या गिऱ्हाइकाने एकजातीचा पाऊच मागितला की आम्ही नाही म्हणायचो, फिल्मच मिळायची नाही. शेवटच्या वर्षी आठवड्याला दोन-तीन तरी विचारणा असायची, लोणचंवाले, ड्रायफ्रूटवाले, सगळे. मागणी इतक्या घाईने आली की वापरायचं कसं हे गिऱ्हाइकाला शिकवायला कोणी उरलं नाही. तुमचं तेच झालंय.

तुमचा जुना पाऊच बाहेरून पॉलिएस्टर आणि आतून पॉली, म्हणजे पॉलिथिन, होता. पॉलिएस्टर भरपूर ताप सोसतं, म्हणून डायल कितीही वर असला तरी आतली पॉली वितळायची आणि बाहेरचा थर ताठ राहायचा. नव्या पाऊचमध्ये बाहेरही पॉलिथिन, आतही पॉलिथिन. बाहेरची ओढून थोडी ताठ केलेली असते, इतकाच फरक. आतली चिकटायच्या आधी बाहेरची मऊ पडते. तापमान वाढवलं की आणखी बिघडतं ते यामुळेच. ताई, डायल किती वर आहे? पट्टा किती जुना आहे?

तेरा_कंपाउंड · मंगळवार, रात्री ९:३३
मी धारावीत भंगार निवडायचं काम बघतो. पाऊच खरंच एकाच जातीचा आहे का ते आधी बघा. त्रिकोण कोणीही छापतो. एक तुकडा कापा, पाण्यात टाका, वर तरंगला तर पॉलिथिन किंवा पीपी (पॉलीप्रॉपिलीन), बुडाला तर पॉलिएस्टर. आम्ही दिवसभर असंच बघतो.

पाऊचवाले_काका · मंगळवार, रात्री ९:५०
एका थराच्या मालाला हे बरोबर. लॅमिनेटला फसवं आहे. १२ मायक्रॉन पॉलिएस्टरला ७५ मायक्रॉन पॉली चिकटवली तर तो तुकडाही तरंगतो, कारण हलकी पॉली जास्त आहे.

तेरा_कंपाउंड · मंगळवार, रात्री १०:०८
काका, मग आम्ही हाताने ताणून बघतो. पॉली रबरासारखी लांबते, पॉलिएस्टर लांबत नाही, चर्रकन फाटतं. आमच्या बायका आवाजावरून सांगतात.

पाऊचवाले_काका · मंगळवार, रात्री १०:१५
ते पटलं. ओढलेली पॉली एका बाजूला थोडी कमी लांबते, पण पॉलिएस्टरसारखी कडक नाहीच. आणि ताईंच्या बाबतीत सगळ्यात मोठी खूण आधीच मिळाली आहे. पाऊच पट्ट्याला चिकटतोय. बाहेर पॉलिएस्टर असतं तर असा चिकटला नसता. सप्लायरने फसवलेलं नाही, माल खरा आहे.

सांगलीकर८८ · मंगळवार, रात्री १०:४०
दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत द्यायचं २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत लिहिलं होतं. तुमच्याकडे कोणी दिले का? आमच्याकडे तर कधी ऐकलं नाही.

तेरा_कंपाउंड · मंगळवार, रात्री ११:०२
पैसे परत मिळो न मिळो, दुधाची पिशवी आमच्यापर्यंत येतेच. एकाच जातीची, छपाई कमी, धुतली की दाणा तयार. चकचकीत पाकीट कोणी उचलत नाही. वजन हलकं, एक किलो व्हायला पोतंभर गोळा करावं लागतं, आणि विकत कोणी घेत नाही. ताई, तुमचा पाऊच चांगला आहे, पण मसाल्याचा वास आणि तेल लागलेला असेल तर तो धुणारा मिळायला हवा. एकजातीचा माल भरपूर यायला लागला की भाव मिळेल, तेव्हा आमचे लोक आपोआप उचलतील.

घरउद्योग_७४ · बुधवार, पहाटे ५:४०
डायल १९० वर होता, मी २०५ पर्यंत नेला. पट्टा दोन वर्षांचा, मधे काळा पडलाय. माल शेंगदाण्याची चटणी आहे, सांगायचं राहिलं. सोलापूर. पाऊच २०० ग्रॅमचा.

नाशिककर_प · बुधवार, सकाळी ७:०५
चटणी! मी पहिल्याच रात्री विचारलं होतं. दाण्याचा बारीक कूट तोंडाला उडतो आणि त्यात तेल. मधे तेलाचा एक थेंब असला तरी सील धरत नाही. आमच्याकडे तिळाच्या चटणीला हेच झालं होतं. फनेलचं तोंड पाऊचमध्ये बोटभर आत जाईल असं लांब करून घेतलं, तेव्हा थांबलं.

पाऊचवाले_काका · बुधवार, सकाळी ८:२०
आता नीट सांगतो. आज नवा टेफ्लॉन पट्टा घाला, सोलापुरात मिळेल. डायल १७० वर आणा, स्पीड निम्मा करा, मग पाच-पाच अंशांनी खाली या. डायलचा आकडा आणि पट्टीचा खरा ताप एक नसतो, म्हणून माझा आकडा घेऊ नका, तुमचा शोधा. प्रत्येक टप्प्यावर पाच रिकामे पाऊच सील करून गार होऊ द्या. गरम असताना ओढून पाहू नका, फसगत होते. मग बादलीत पाण्याखाली धरून दाबा. बुडबुडा आला की तो आकडा सोडा. जिथे चुण्या नाहीत आणि बुडबुडाही नाही, तिथे भिंतीवर आकडा लिहून ठेवा. गार करणारा ब्लॉक चालू आहे ना, तेही बघा.

आणि सप्लायरला आजच विचारा: आत ईव्हीओएचचा, म्हणजे हवा अडवणाऱ्या प्लास्टिकचा, थर आहे का? पॉलिथिन ओलावा चांगला अडवतं, पण हवा अडवत नाही. शेंगदाण्याला हवा लागली की खवट वास येतो. युरोपातल्या सेफ्लेक्स या पॅकेजिंग उद्योगांच्या गटाच्या मार्गदर्शनानुसार ईव्हीओएच पाच टक्क्यांपर्यंत असला तरी पाऊच एकजातीचाच धरतात. तो थर नसेल तर जुन्या पाऊचवरची तीन महिन्यांची मुदत यावर छापू नका.

मसाला_माई · बुधवार, सकाळी ९:००
तेलकट मालाला काचेची बरणीच खरी. बरणी धुऊन लोक घरातही वापरतात.

घरउद्योग_७४ · बुधवार, सकाळी ९:१८
माई, वाहतुकीत फुटते आणि साखळीला पाऊचच हवाय. तुमचं मन कळतं मला. मुदत छापून आलीय हो काका. तीन महिने. पाच रंग, छपाईचे पाच सिलिंडर, सगळे नवे केलेत.

नियम_वाचक · बुधवार, सकाळी १०:०५
६००० पाऊच फेकायचे नाहीत. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे तारीख बदलून चिकटवता येते का, ते तुमच्या जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारून घ्या, स्वतः ठरवू नका. सप्लायरकडून दोन कागद मागा: पाऊचची थरवार रचना मायक्रॉनसह, आणि आयएस ९८४५ प्रमाणे चाचणीचा अहवाल, म्हणजे प्लास्टिकमधून खाण्यात मर्यादेपेक्षा जास्त काही उतरत नाही याचा. साखळी तेच मागेल. चटणी पाऊचमध्ये किती टिकते याची चाचणी अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेकडे विचारा, छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही प्लास्टिकची सरकारी संस्था आहे तेही बघा.

घरउद्योग_७४ · गुरुवार, रात्री ९:२५
काका, १५५ वर जमलं. पट्टा नवा घातला, स्पीड कमी केला. वीस पाऊच चटणी भरून बादलीत दाबले, अठरा कोरडे. दोनमधून बुडबुडा आला, दोन्हीत तोंडाला कूट होता. फनेल उद्या सकाळी पत्र्याचं लांब करून घेणार. बाया आज नुसत्या बादलीभोवती बसून होत्या, कोणी घरी जायला तयार नाही.

सप्लायरने मात्र सांगितलं की ईव्हीओएच नाही, साधंच पॉलिथिन आहे. आता साखळीला काय सांगू? एक महिन्याची मुदत टाकून शनिवारी अर्धाच माल देऊ का?

पाऊचवाले_काका · गुरुवार, रात्री १०:०२
अर्धाच द्या, आणि मुदत एक महिन्याची आहे हे पत्रात आधी लिहा, माल पोचल्यावर नको. आजच दहा पाऊच वेगळे काढून ठेवा, पाच उन्हात तापणाऱ्या खोलीत, पाच सावलीत. आठवड्याला एकेक उघडून वास घ्या आणि बाहेरून बोट फिरवा, बाहेर तेल आलं तर बोटाला लागेल. पुढची ऑर्डर ईव्हीओएचच्या थराची. सिलिंडर तेच चालतात का ते छापणाऱ्याला विचारा, पाऊचचं माप तेच राहिलं तर बहुतेक चालतील. फनेलचं काम उद्या दुपारपर्यंत नाही झालं तर मला इथे लिहा.

सांगलीकर८८ · गुरुवार, रात्री १०:३०
ताई, चटणीत लसूण आहे का? सांगलीत मिळते कुठे?