कॅफे किंवा कॉफीची गाडी टाकताना परवानग्यांचे अनुभव लिहा

बहीण आणि मी साताऱ्यात कॉफीची छोटी गाडी टाकायच्या विचारात आहोत. मशीन कुठलं, बीन्स कुठून घ्यायचे यावर हवी तेवढी माहिती मिळते, पण कागदपत्रं म्हटलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि एजंट थेट पॅकेजच सांगतो. ज्यांनी खरंच हे केलंय त्यांनी प्लीज लिहा, काय आधी काढलं, कुठे अडलं, कशाला पैसे लागले आणि कशाला लागत नाहीत. कॅफे, गाडी, व्हॅन, परदेशातलं, सगळं चालेल.

पुणे, भाड्याच्या गाळ्यात कॅफे

आम्ही २०२२ मध्ये सुरू केलं. सगळ्यात आधी भाडेकरार रजिस्टर करून घ्या कारण पुढचा प्रत्येक अर्ज त्याच्यावर उभा असतो, आणि पत्ता सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखा हवा. आमच्या करारात "दुकान नं. ३" होतं, वीजबिलावर "गाळा क्र. ३, तळमजला", तर एफएसएसएआयच्या (खाण्यापिण्याच्या धंद्याचा केंद्राचा परवाना) अर्जावर तेवढ्याचसाठी क्वेरी आली, मग मालकांचं पत्र जोडलं तेव्हा तो पुढे सरकला.

एफएसएसएआयचं म्हणाल तर आम्ही केलं तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधं रजिस्ट्रेशन, वर्षाला १०० रुपये, आणि त्याच्यावर गेलं की राज्याचं लायसन्स, वर्षाला २,००० रुपये. १२ लाख ऐकायला मोठे वाटतात पण दिवसाला साडेतीन हजारांचा गल्ला धरला तरी वर्षात ओलांडतात, म्हणून आम्ही सरळ लायसन्सच घेतलं. एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज स्वतः भरता येतो, एजंट लागत नाही हो, खरंच लागत नाही. पाण्याचा लॅब रिपोर्ट आणि काम करणाऱ्या सगळ्यांचं मेडिकल फिटनेस तयार ठेवा. नंबर १४ आकडी येतो, तो काउंटरजवळ लावायचा आणि बिलावरही छापायचा, २०२२ पासून ते सक्तीचं आहे.

गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, सगळ्यात सोपा. आम्ही केलं तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, एवढंच होतं. पण बोर्ड! मराठीत देवनागरीतच हवा आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत, माणसं कितीही कमी असली तरी. डिझायनरने इंग्लिश लोगो केला असेल तर पैसे देण्याआधी हे सांगा त्याला.

आणि वीज, ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. टू ग्रुप मशीन (एका वेळी दोन ठिकाणी कॉफी काढणारं) साडेतीन-चार किलोवॅट खातं, वर ग्राइंडर, फ्रिज, ओव्हन. आमच्या गाळ्याचा मंजूर भार, म्हणजे मीटरवर जेवढी वीज ओढायची परवानगी असते तो, त्याच्या निम्मासुद्धा नव्हता, भार वाढवायचा अर्ज मालकाच्या सहीने जातो आणि आमचे मालक तेव्हा मुलीकडे बंगलोरला. गाळा बघायला जाल तेव्हाच मीटर बघा आणि ही सही करारात लिहून घ्या.

उत्तर महाराष्ट्र, हातगाडी

पुण्याच्या ताईंनी छान लिहिलंय पण गाडीवाल्याचं दुखणं वेगळं आहे. एफएसएसएआय झालं म्हणजे गाडी लावता येते असा पुष्कळांचा समज असतो. तो कागद खाण्यापिण्याचा आहे, रस्त्यावर उभं राहायचा नाही. उभं राहायला पालिकेचं पथविक्रेता प्रमाणपत्र लागतं, २०१४ च्या केंद्राच्या कायद्याखाली. कायदा चांगला आहे, मनापासून सांगतो, वाचा तो. दर पाच वर्षांनी सर्व्हे करायचा, शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी घ्यायचे, उठवायच्या आधी ३० दिवसांची नोटीस द्यायची. फिरता विक्रेता अशी कॅटेगरी पण आहे, तुम्हाला ती बघता येईल. फक्त हमी लिहून द्यावी लागते की पोटापाण्याचं दुसरं साधन नाही आणि धंदा स्वतः किंवा घरचेच चालवणार, म्हणजे बहीण नोकरीत असेल तर अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते आधीच बसून ठरवा.

आमच्याकडे सर्व्हे झाला तेव्हा मी धंद्यात नव्हतो, पुढचा कधी ते कार्यालयात कोणी सांगेना. दरम्यान एक जण म्हणाला माझं प्रमाणपत्र भाड्याने घे, महिन्याला अमुक दे. कृपा करून या भानगडीत पडू नका, ते भाड्याने देता येतच नाही, त्याचंही रद्द होतं आणि तुमची गाडी बेकायदेशीरच राहते. माझी गाडी एकदा उचलली तेव्हा मी कायद्याची प्रिंट घेऊन गेलो. जप्तीची यादी द्यावी लागते, आणि फी भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचं दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचं असतं. दुधाचे कॅन संध्याकाळी मिळाले, दूध तोवर नासलं होतं. बर्नर आणि शेगडी दोन दिवसांनी. यादी नसती तर काय मिळालं असतं देव जाणे.

गॅस १९ किलोचा कमर्शियलच घ्या, घरचा लाल सिलिंडर गाडीवर दिसला की आयतं कारण मिळतं त्यांना.

ठाणे, व्हॅन

छोटा हत्ती घेऊन मागे काउंटर बसवलाय. बॉडी बदलायच्या आधी आरटीओची मंजुरी आणि नंतर आरसी बुकात तशी नोंद, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. फॅब्रिकेटर म्हणतात सगळे असंच करतात, चालतं. अपघात झाला आणि नोंद नसली तर इन्शुरन्सवाले क्लेम अडवतात, तेव्हा फॅब्रिकेटर येत नाही. आणि वरच्या दादांचं इथेही लागू, आरटीओ गाडी पास करतं, जागा देत नाही.

सांगली, फिल्टर कॉफी पावडर

गाडी नाही पण जवळचं म्हणून लिहिते. कॉफीबरोबर पावडरची पाकिटं विकणार असाल तर लायसन्समध्ये तो व्यवसायप्रकार वेगळा दाखवावा लागतो, पॅकिंगसाठी वैधमापनची (वजनमापांचं सरकारी खातं) नोंदणी, आणि सुटी तोलून देणार तर काट्याला शिक्का. चिकोरी (कॉफीत घालतात ती एका मुळाची पूड) मिसळली तर कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापायचं. आमची गिऱ्हाईकं तो आकडा वाचूनच पाकीट निवडतात, त्यामुळे मला तो नियम फार आवडतो.

इंग्लंड, मँचेस्टरजवळ

इथे पिआजिओच्या आपे रिक्षात मशीन बसवून कॉफी विकायची फॅशन आहे, आपल्याकडची तीच तीनचाकी! मीही तेच केलं. फूड बिझनेसची नोंदणी काउन्सिलकडे (इथली पालिका) सुरू करायच्या निदान २८ दिवस आधी करायची, फुकट असते आणि नाकारत नाहीत. मग इन्स्पेक्टर येऊन ० ते ५ रेटिंग देतात. १४ अॅलर्जनची (अॅलर्जी होऊ शकते असे पदार्थ) माहिती गिऱ्हाइकाला देता आली पाहिजे, ओट मिल्क आणि आमंड मिल्कमुळे कॉफीवाल्यांना ते फार जपावं लागतं. रस्त्यावर विकायची परवानगी पुन्हा वेगळीच, आणि ज्या भागात ती लागते तिथे लोक पैसे न देता ये-जा करतात अशी खासगी पार्किंगसुद्धा रस्त्यात धरतात. अजून एक, रात्री ११ ते पहाटे ५ गरम कॉफी विकायची तर त्याचं लायसन्स निराळं.

नागपूर, कंपनीच्या आवारात गाडी

साताऱ्याच्या ताई, रस्त्याची जागा मिळेपर्यंत खासगी आवार बघा. कॉलेज, हॉस्पिटल, कारखाना. मालकाची लेखी परवानगी आणि एफएसएसएआय एवढ्यावर माझं काम सुरू झालं, पालिकेचं काही लागतं का ते तुमच्याकडे विचारून घ्या. लेखी परवानगीत वीज कोणाची, कचरा कोण उचलणार आणि उठवायचं झालं तर किती महिने आधी सांगणार हे तिन्ही लिहून घ्या. माझ्याकडे एचआर बदलले आणि नवीन मॅडमनी पहिल्याच आठवड्यात गाडी हलवायला सांगितली. कागदावर दोन महिने लिहिलेले होते, तेवढे मिळाले, आणि तेवढ्यात मी समोरच्या डायग्नोस्टिक सेंटरशी बोलून घेतलं. सध्या तिथेच आहे, सकाळी सातपासून. उपाशीपोटी रक्त देऊन येणारे लोक आधी माझ्याकडेच येतात.